काटकरांची जागा

“आमच्याकडे लेडीज टॉयलेट नाही,” दिवेकर म्हणाले. “म्हणजे आहे. पण त्यात ऑइलचे ड्रम ठेवलेत.”

“ड्रम हलवता येतील,” मी म्हणाले.

त्यांनी बायोडेटावरून मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीचा, उंच, बारीक माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि मापं घ्यायचं एक व्हर्नियर. त्यांच्या टेबलामागच्या काचेतून खाली सगळं शॉप दिसत होतं: लेथ, मिलिंग, दोन नव्या सीएनसी, आणि कोपऱ्यात एका उंच टेबलापाशी उभा असलेला टोपीवाला एक वयस्क माणूस.

“अंबाजोगाई,” ते वाचत होते. “मेकॅनिकल. फर्स्ट क्लास. मुलींनी कॉम्प्युटर घ्यायचं सोडून हे काय घेतलंत?”

“मशिनं आवडतात.”

“मशिनं सगळ्यांनाच आवडतात. कामावर आल्यावर आवडेनाशी होतात.”

२००२ सालचा डिसेंबर होता तो. मी जुलैत पुण्याला आले होते. त्या वर्षी भोसरीत कंपन्या माणसं घेत नव्हत्या, पैसे देऊन घरी पाठवत होत्या. बऱ्याच गेटांवर ‘जागा नाही’ अशी पाटीच लावलेली असे. जिथे पाटी नसे तिथे वॉचमन बायोडेटा घेऊन ठेवायचा. त्याच्या केबिनमधल्या गठ्ठ्यावर जेवणाचा डबा ठेवलेला दिसायचा. दिवेकरांच्या गेटवर वॉचमन जागेवर नव्हता, म्हणून मी सरळ आत गेले होते. नाहीतर तिथेही डब्याखालीच जायचे.

“जागा एकच आहे,” दिवेकर म्हणाले. “इन्स्पेक्शनला. ते खाली टोपीवाले दिसतायत ना, ते काटकर. वीस वर्षं आहेत माझ्याकडे. शुक्रवारपर्यंत त्यांच्या शेजारी उभ्या राहा. पगार नाही, चहा मिळेल. ते काय करतात आणि काय करत नाहीत, ते शुक्रवारी दुपारी मला वर येऊन सांगायचं.”

“आणि मग?”

“मग बघू.”

तीन दिवस फुकट राबवून घेऊन ‘बघू’ म्हणणं ही तेव्हा छोट्या कारखान्यांतली रीतच होती. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ‘काय करत नाहीत’ या शब्दांवर मात्र जिन्यातून उतरताना मी थोडी थबकले होते. मग खाली आले.

काटकरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या सँडलकडे पाहिलं, आणि पुन्हा कामाला लागले.

“उद्या बूट घालून या, मॅडम. बोटावर पीस पडला तर साहेब दवाखान्याचं बिल माझ्या नावावर टाकतील.”

टेबलावर अॅल्युमिनियमचे पीस रांगेने ठेवलेले होते. पंपाचं घर म्हणतात तसा भाग. तळहातापेक्षा थोडा मोठा, मधोमध गोल भोक. सगळी किंमत त्या भोकाची. ते मोजायला काटकरांच्या हातात प्लग गेज होतं: लाटण्यासारखा पोलादी दांडा, दोन्ही टोकांना दोन गोल ठोकळे, एक किंचित लहान, एक किंचित मोठा. लहान बाजू भोकात जायलाच हवी, ती ‘गो’. मोठी बाजू जाता कामा नये, ती ‘नो-गो’. गो गेली आणि नो-गो अडली की पीस पास. यात मत नावाची गोष्टच नसते.

मी दिवसभर त्यांच्या शेजारी उभी राहिले. मशिनवरून पीस यायचा, काटकर हवा मारून बुरादा उडवायचे, गो घालायचे, ती सुळकन जायची, नो-गो टेकवायचे, ती अडायची, मग शिक्का. एकही पीस त्यांनी न तपासता सोडला नाही. एकदाही गेज न पुसता वापरलं नाही. दुपारी चारला गिऱ्हाइकाकडे जाणारा टेंपो दाराशी लागायचा आणि खोकी भरली जायची.

“घाई असते रोज?” मी विचारलं.

“पूर्वी नव्हती. पूर्वी इथं बिडाचं, ओतीव लोखंडाचं काम होतं. माल रात्रभर रॅकवर पडायचा, सकाळी तपासायचा, दुपारी जायचा. आता हे अॅल्युमिनियम आलं, ह्यो नवा गिऱ्हाईक आला. त्याला गोदामात माल ठेवायचा नसतो म्हणे, आज कापला की आज पाहिजे. रॅक होता तिथं साहेबांनी ती सीएनसी बसवली.” त्यांनी गेजनेच नव्या मशिनकडे बोट दाखवल्यासारखं केलं. “तुम्ही लिहून घेत नाही का काही? साहेबांना काय सांगणार शुक्रवारी?”

मी टेबलावरचे पीस उगाच सरळ रांगेत लावू लागले.

“मला वाटलंच,” ते म्हणाले, आणि पुढचा पीस उचलला.

माझी खोलीतली जोडीदार निलोफर शेख, उदगीरची. इलेक्ट्रॉनिक्स झालेली. दिघीत एका म्हातारबाईंच्या वरच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघींनी एकाच कॉल सेंटरची परीक्षा दिली होती आणि दोघीही पास झालो होतो. सोमवारी सकाळी दहाला ट्रेनिंगची बॅच सुरू होणार होती. ती जाणार हे ठरलेलं होतं. माझं मी सोमवारवर ठेवलं होतं.

“काय करायलीस दिवसभर तिथं?” तिने त्या संध्याकाळी विचारलं.

“उभी राहायलेय.”

“पगार देऊन उभं करतेत का फुकट?”

“चहा देतेत.”

“अगं, कॉल सेंटरला एसी आहे, गाडी आहे, जेवण आहे. अमेरिकेतल्या बाईला तिचं बिल समजावून सांगायचं, एवढंच.”

“तिथं एकदा गेले की परत कुणी माझ्या हातात ड्रॉइंग देणार नाही, निलू. एक वर्ष गेलं की बायोडेटावर तेच लिहावं लागतं. मग कुणी विचारत नाही डिग्री कशात होती.”

“आत्ता तरी कोण विचारायलंय?” ती म्हणाली. ती टोमणा म्हणून म्हणाली नव्हती, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालून गेले. भावाचे कॉलेजात एनसीसीला घातलेले, पुढे कापूस भरलेले. काटकरांनी पाहिले आणि “पोलीस भरती?” एवढंच विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत ते शॉपबाहेर कडुलिंबाखाली पोतं टाकून बसायचे. मी दूर बसले होते; त्यांनी हाक मारली नाही, पण खरड्याचा डबा माझ्या बाजूला सरकवला. भाकरी खाता खाता म्हणाले, “तीन वेळा माल परत आला ना, त्याचं हे सगळं आहे.”

“कुठला माल?”

“साहेबांनी सांगितलं न्हाई तुम्हाला?” त्यांनी मला निरखून पाहिलं. मला खरंच माहीत नव्हतं हे त्यांना पटलं असावं. “गिऱ्हाईक म्हणतो, भोक लहान. गो जात न्हाई. साहेबांनी परत आलेले पीस काढून माझ्यासमोर गेज घातलं. खरंच जात न्हाई. आणि शिक्का माझा. आता मी काय बोलणार? मी म्हणतो गेली होती, साहेब म्हणतात काटकर, झोपेत शिक्के मारता काय. वीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं.”

“मग गेज खराब?”

“गेज दोनदा बाहेर तपासून आणलं. बरोबर आहे.” त्यांनी खरड्यात भाकरी बुडवली. “थोरला माझा डिप्लोमा करून घरी बसलाय. त्याला सांगितलं, माझ्या जागी चिकट. म्हणतो, बाबा तिथं कॉम्प्युटर कुठाय. आता माझ्या जागी कोण येणार ते दिसायलंच लागलंय.”

तोवर मी ‘जागा एकच आहे’ हे वाक्य ‘एक जागा रिकामी आहे’ असं ऐकलं होतं. दिवेकर तसं काही म्हणाले नव्हते.

“मला हे माहीत नव्हतं, काका.”

“आता झालं ना माहीत. जेवा.”

त्या दुपारी मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. खरं सांगायचं तर मी त्यांची चूक शोधत होते. चूक सापडली असती तर सगळं सोपं होतं. शुक्रवारी वर जाऊन जे दिसलं ते सांगायचं, त्यात कुणाचं काही लुबाडलं असं झालं नसतं. पण त्यांच्या हाताला चूक नव्हती. मध्येच एकदा ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी स्वतः दोन पीस तपासले. गो सुळकन गेली. पीस हाताला चांगला गरम लागत होता, नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखा. ते मी टिपलं, आणि त्याचं पुढे काही केलं नाही.

टेंपो लागायच्या आधी मी त्यातला एक पीस काटकरांकडे मागितला.

“कशाला?”

“उद्या परत मोजून बघते. वेगळ्या उपकरणाने.”

“एक कमी पडला तर गिऱ्हाईक बोंबलतो. खालचा घे, त्याला बाहेरून चरा पडलाय, तो न्हाईतरी जाणार नव्हता.” पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरीत सांगितलं होतं. मी पिसाच्या तळाशी खडूने फुली मारली, त्यांच्यासमोर गो घालून पाहिली, गेली, आणि पीस टेबलाखाली ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी चांगलीच थंडी होती. भोसरीत डिसेंबरात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी हात बधिर होतात. काटकर अजून आले नव्हते. मी टेबलाखालून पीस काढला, गेज पुसलं, आणि गो घातली.

ती गेली नाही.

मी पीस फिरवून पाहिला, खडूची फुली पाहिली. माझीच होती. भोक पुसलं, गेज पुसलं, पुन्हा घातली. कडेलाच अडली. इतके दिवस जे दिवेकरांना कळत नव्हतं आणि काटकरांना कळत नव्हतं, ते माझ्या बर्फासारख्या गार बोटांमध्ये होतं. काल हा पीस भाकरीसारखा गरम होता. गरम धातू फुगतो, भोकही फुगतं. हे आठवीच्या पुस्तकात असतं, लोखंडी गोळा आणि कडं. बिडापेक्षा अॅल्युमिनियम दुप्पट फुगतं, हे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं. बिडाचा माल रात्रभर रॅकवर निवायचा, म्हणून वीस वर्षं काटकरांना ही गोष्ट माहीत असायची गरजच पडली नव्हती. आता माल गरमच मोजला जात होता, गरमच खोक्यात भरला जात होता, आणि गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये निवून आक्रसत होता. काटकर खरं सांगत होते. दिवेकरही खरं सांगत होते.

खात्री करायला मी पीस हवेच्या कॉम्प्रेसरच्या तापलेल्या डोक्यावर ठेवला. काटकर आले, कपडे बदलून टोपी घालून टेबलाशी उभे राहिले, तोवर पीस तापला होता. मी कॉम्प्रेसरपाशीच गेज घालून पाहिलं. सुळकन.

“काय चाललंय तिकडं?” काटकरांनी विचारलं.

“काही नाही. हात शेकतेय.”

हे मी का म्हटलं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्यांना सांगितलं असतं तर ते तडक वर गेले असते आणि गोष्ट त्यांची झाली असती. आणि वर जाऊन मी सांगितली तरी ती काटकरांनाच वाचवणार होती, कारण मग त्यांच्या जागी दुसरं कुणी नकोच होतं; नको होती ती घाई. न सांगता नुसतं ‘मालावर शिक्का काटकरांचाच आहे’ एवढं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. दिवेकरांना तेवढंच ऐकायचं होतं. सोमवारपासून मी त्या टेबलाशी उभी राहिले असते, महिन्याभराने गरम पिसाचा शोध लावला असता, आणि बढतीही घेतली असती. दुपारपर्यंत मी हा हिशेब करत होते. काटकर पीस तपासत होते, गो सुळकन जात होती, ते शिक्का मारत होते, आणि तो प्रत्येक शिक्का त्यांच्याच विरुद्ध जमा होत होता हे आता त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं. ते बघवेना. कारण एवढंच. त्याला मोठं नाव द्यायची माझी इच्छा नाही.

दुपारी दिवेकरांनी दोघांनाही वर बोलावलं. मला वाटलं होतं एकटीला बोलावतील. काटकर टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले. बसले नाहीत.

“बोला,” दिवेकर मला म्हणाले.

मी फुलीचा पीस आणि गेज टेबलावर ठेवलं. “साहेब, गो घालून बघा.”

त्यांनी घातली. “जात नाही. हा परत आलेल्यातला आहे.”

“नाही. हा कालचा आहे. काल दुपारी काकांसमोर गेली होती.”

“शक्य नाही.”

“तुमच्या किटलीत चहाचं पाणी गरम असेल ना?”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण किटली पुढे केली. मी पीस स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि त्यावर पाणी ओतलं. तिघंही वाफेकडे पाहत राहिलो. शॉपमधली मशिनं चालू होती, काच थरथरत होती. मग मी रुमालाने पीस उचलून भोक पुसलं आणि त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी गो घातली. ती सुळकन आत गेली.

दिवेकरांनी गेज काढून पुन्हा एकदा घातलं. हुशार माणूस होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी काचेतून खाली पाहिलं, जिथे रॅक होता आणि आता सीएनसी होती तिथे.

“मोजायच्या आधी निवायला हवा,” ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले. “टेंपो दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला सांगावं लागेल. गिऱ्हाईक ओरडेल.”

“माल परत पाठवतो तेव्हाही ओरडतोच की,” मी म्हणाले.

“काटकर.”

“जी साहेब.”

“रॅक कुठे टाकलाय आपण?”

“मागं. पत्र्याखाली.”

“आणायला सांगा.” मग जरा थांबून म्हणाले, “झोपेत शिक्के मारता म्हणालो, ते मनावर घेऊ नका.”

काटकरांनी मान हलवली. घेतलं की नाही ते त्यातून कळलं नाही.

दिवेकर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं, आणि अवघडलेपणही. “तुम्ही फार चांगलं काम केलंत. पण तुमच्याही लक्षात आलंच असेल. आता जागा…”

“आलं लक्षात.”

“दिवस वाईट आहेत हो. एका माणसाचं काम दोघांना देणं मला परवडत नाही. तुमचा बायोडेटा ठेवतो मी.”

“वॉचमनकडे नका देऊ,” मी म्हणाले. ते हसले. मी हसले नाही.

खाली येऊन मी भावाचे बूट काढून पिशवीत टाकत होते. काटकर मागून आले. मला वाटलं आभार मानतील, आणि ते कसे झटकायचे याचं वाक्य मी तयारही केलं होतं.

“तुला कधी कळलं?”

“सकाळी.”

“सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत माझ्याशेजारी गुमान उभी राहिलीस? मी मूर्खासारखा शिक्के मारतोय ते बघत?” त्यांचा आवाज चढला होता. जवळच्या लेथवरच्याने वळून पाहिलं. “हात शेकतेय म्हणे! वीस वर्षं काढली इथं. साहेबांसमोर माझी अक्कल काढलीस ना? मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही वर जाऊन आपलं म्हणून सांगितलं असतं.”

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

“सांगितलं असतं,” ते म्हणाले.

बाहेर टेंपोवाला नामदेव हॉर्न वाजवत होता. आज माल जाणार नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“परत आलेला माल म्हणजे निम्माच,” काटकर एकदम म्हणाले. “निम्मा तिकडंच पडलाय, गिऱ्हाइकाच्या शेडात. त्यातला चांगला-वाईट आपल्या माणसानं तिथं जाऊन निवडायचा असतो. सोमवारपासून साहेब मला पाठवणार होते. वाईट काम आहे. शेडात पंखा न्हाई, स्टूल न्हाई. येता-जाता त्यांचे लोक ऐकवतात, काय दिवेकर, आज किती भंगार आणलंत? दिवसभर दुसऱ्यासमोर आपली घाण उपसायची.” ते थांबले. “जातीस का?”

“मी?”

“मी तिकडं गेलो तर इथं माल निवला की न्हाई कोण बघणार? कुणीतरी पाहिजेच आहे. थांब.”

“काका, माझ्यासाठी शब्द टाकू नका.”

“तुझ्यासाठी कोण टाकतंय? माझे गुडघे गेलेत. चार दिवस त्या फरशीवर उभा राहिलो तर पाचव्या दिवशी उचलून आणावं लागेल.” ते लंगडत जिना चढले. लंगडतात हे मला तीन दिवसांत दिसलं नव्हतं.

काचेमागे दोघांचं बोलणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. दिवेकर दोनदा नाही अशी मान हलवताना दिसले. काटकर खाली आले तेव्हा धापत होते.

“हो म्हणाले. रोजावर. तिकडचा माल निवडून होईपर्यंत. इंजिनिअर म्हणून न्हाई, हे स्पष्ट सांगा म्हणाले. सोमवारी सकाळी साडेआठला नामदेवच्या टेंपोत बसायचं, गेजची पेटी घेऊन.”

“आणि माल संपल्यावर?”

“मला काय इचारतेस? मी काय मालक हाय?”

रविवारी दुपारी निलोफर केस वाळवत गच्चीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजून दाखवलं. “एसी सोडून शेड. गाडी सोडून टेंपो. नोकरी सोडून रोजंदारी. आणि इंजिनिअर पण न्हाई. बरोबर का?”

“बरोबर.”

“मग कशाला जायलीस?”

“हातात गेज असणार आहे.”

“काय असणार आहे?”

“असू दे.”

तिने ओले केस झटकून मागे टाकले. मग म्हणाली, “बॅच बुधवारपर्यंत घेतेत. मी सांगते तुला कावीळ झालीय म्हणून. बुधवारपर्यंत अक्कल आली तर ये.”

“कावीळ बुधवारी बरी होत नाही.”

“अमेरिकन कंपनी आहे, त्यांना काय कळतंय,” ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून म्हातारबाईंनी काठी आपटली.

सोमवारी सकाळी लवकर ती निघाली तेव्हा मी जागी होते, पण डोळे मिटून पडून राहिले. तिने नवी ओढणी घेतली होती. मला उठवलं असतं आणि एकदा ‘चल’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते आजही सांगता येत नाही. तिने दार हळू ओढून घेतलं.

साडेआठला मी नामदेवच्या शेजारी, इंजिनवर टाकलेल्या गोधडीवर बसले होते. मांडीवर गेजची पेटी. काटकरांनी ती स्वतः पुसून, गेजला तेल लावून, आत फडक्याची नवी चिंधी घालून दिली होती. देताना फक्त “गार करून मोज,” म्हणाले, जणू काही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी “हो” म्हटलं.

गिऱ्हाइकाचा कारखाना चाकणच्या रस्त्याला होता. एवढं मोठं गेट मी बाहेरूनच पाहिलं होतं. तिथे मी ऑगस्टात बायोडेटा देऊन गेले होते. सिक्युरिटीवाल्याने टेंपो थांबवून नामदेवकडून पास घेतला आणि मोठ्याने वाचला.

“टेंपो. ड्रायव्हर नामदेव. रिकामी खोकी. सोबत एक इसम.” त्याने आत डोकावून पाहिलं, माझ्या पलीकडे पाहिलं, मागे हौद्यातही जाऊन पाहून आला. “इसम कुठाय?”

“मीच,” मी म्हणाले.

“तुम्ही?”

“परत केलेला माल निवडायला आलेय. दिवेकरांकडून.”

तो केबिनमध्ये गेला आणि फोन फिरवला. खिडकी उघडी होती. “साहेब, दिवेकरचा इसम आलाय. पण लेडीज आहे… नाही नाही, तीच… हो, पेटी आहे तिच्याकडे… बरं. पाठवतो.” फोन ठेवून त्याने रजिस्टर ओढलं. नाव विचारलं, गाव विचारलं. अंबाजोगाई म्हटल्यावर देवीचं का, असं विचारलं. मग पेन थांबलं.

“हुद्दा काय लिहू?”

“इंजिनिअर.”

त्याने पास पुन्हा वाचला, उलटा करूनही पाहिला. वाईट माणूस नव्हता. “पासवर तसं नाहीये, मॅडम. पासवर जे आहे तेच मला लिहावं लागतं.”

मागे दुसऱ्या एका गाडीने हॉर्न दिला. नामदेवने गिअर टाकून ठेवला होता.

“मग इसम लिहा,” मी म्हणाले. “पण लवकर लिहा. माल गार आहे तोवर मोजायचाय.”